मिसरी खात न्हाईत, लावत्यात

"तुमी दाताचं डॉक्टर हाय का जमिनीचं एजंट, ते एकदा ठरवा! माझ्या तुकड्यावर डोळा ठेवायचा न्हाई, सांगून ठेवतो!"

नांद्याचे बबनराव माझ्या पिरंगुटच्या दवाखान्याच्या दारात उभे राहून हे म्हणाले. म्हणाले कसले, त्या आवाजाने तिकडे ताम्हिणीत एखादी दरड सुटली असेल तर मला नवल वाटणार नाही. माझ्या हातात चिमटा होता आणि खुर्चीत बबनरावांचाच भाडेकरू, अमोल नावाचा कंप्युटर इंजिनिअर, तोंडात कापसाचे बोळे भरून आ वासून पडला होता. घरमालकाचा आवाज कानावर पडताच त्याने दोन्ही हात वर केले. आपण सकाळी पाण्याची मोटर चालू ठेवून आलो की काय, असं त्याला वाटलं असणार.

बबनरावांच्या मागे त्यांचे वडील गेनूआबा उभे होते. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, पाठ ताठ, डोक्याला मुंडासं, आणि गालात तंबाखूची गोळी इतकी मोठी की लांबून पाहणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्याने लिंबू लपवलंय. आणि त्यांच्याही मागे, खालच्या पायरीवर, पदराचं टोक तोंडावर धरून बबनरावांची बायको शालन. या सगळ्या आरड्याओरड्याचं कारण खरं तर ती होती, आणि एकटी तीच गप्प होती.

"कुठला तुकडा बबनराव?"

"त्ये तुमालाच ठावं! परवा ही तुमच्याकडं आली. घरी यून म्हनली, डॉक्टर म्हनत्यात तुकडा काढावा लागंल. तवापसनं घरात कुनाला घास जात न्हाई. कुटला काढायचा? माळावरचा का वड्याकडंचा? आन तुमाला कशाला काढायचाय वो? दात काढा की गुमान!"

मी चिमटा खाली ठेवला. हा गोंधळ नेमका काय होता ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मुळशीत दातांचा डॉक्टर म्हणून पाटी लावली ती अठ्ठ्याण्णव साली. दात काढणे हा धंदा बाहेरून दिसतो तसा ताकदीचा नाही, बोलण्याचा आहे. माणूस दुखणारा दात घेऊन येतो, त्याच्या तोंडात सुई घालायची तर आधी त्याच्या भाताचं, म्हशीचं, मेव्हण्याचं विचारावं लागतं. मेव्हण्याचं विचारलं की माणूस इतका चिडतो की सुई टोचल्याचं त्याला कळत नाही. ही युक्ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. या युक्तीवर मी इतके दात उपटले की ते सगळे रचले असते तर मुळशी धरणाची भिंत हातभर उंच झाली असती.

लोक माझ्याकडे येत ते फक्त उपटायला. दात वाचवता येतो हे कुणाला पटतच नसे. "काडून टाका, न ऱ्हाईला तर दुखनार कुटनं?" हा त्यांचा हिशेब. उरवड्याचे एक पैलवान तर न दुखणारा दातही काढून मागत होते, शेजारच्याला सोबत हवी म्हणून. पण दात काढायला का होईना, माणूस तोंड उघडतो. आणि तोंड उघडलं की दाताशिवाय इतरही बरंच दिसतं. गालाच्या आतलं कातडं, जीभ, टाळू. इथेच आमच्या धंद्यातली खरी कटकट सुरू होते. जी गोष्ट दाखवायला माणूस आलेला नसतो, तीच त्याला सांगावी लागते.

आमच्या कागदावर एक प्रश्न छापलेला असतो: तंबाखू खाता का? हा प्रश्न ज्याने कुणी शहरात बसून तयार केला त्याला एकदा माझ्या दवाखान्यात आणून आठवडाभर कोंडून ठेवावं अशी माझी फार इच्छा होती. पुरुषाला विचारलं तर तो म्हणे, "न्हाई," आणि तळहातावरचा चुना अंगठ्याने पुसे. बाईला विचारलं तर ती संतापे. "आवो, काय इचारताय? आमी बायामानसं. आमच्या घरात असलं न्हाई." आणि हे म्हणताना दात काळेभोर, हिरड्या काळ्या, उजव्या हाताची तर्जनी काळी, आणि तोंड उघडलं की जळक्या पाल्याचा असा वास, की माझ्या भिंतीवरची पाल उतरून बाहेर जाऊन बसे.

"ताई, मग हे काय?"

"ती व्हय? ती मिसरी."

"मिसरी कशाची करता?"

"तंबाकूची."

"मग तंबाखू खाताच की!"

"खात न्हाई वो. लावतो."

खात न्हाईत, लावत्यात! या एका क्रियापदाने मला वर्षानुवर्षं छळलं. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायचं. सकाळी, जेवणानंतर, दुपारी, भांडी घासताना, आणि पुन्हा निजताना. मध्येच गालात थोडी ठेवूनही द्यायची. मुळात ही दातदुखीवरचा उपाय म्हणून सुरू होते आणि दात जातात तरी ही जात नाही. मी म्हणे, "बंद करा." त्या म्हणत, "बंद केली की दात दुकतो." मी म्हणे, "दात दुखला की माझ्याकडे या." त्या म्हणत, "तुमी काढून टाकता." आता यावर काय बोलणार? मी गप्प बसे. मी गप्प बसणं ही मुळशी तालुक्यातली दुर्मीळ घटना होती, लोक बघायला येत.

शालन आली होती ती हलणाऱ्या दाढेसाठी. पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगाने काटक, बोलणं मोजून-मापून. दाढ तर काढलीच. पण त्या दाढेशेजारी, गालाच्या आतल्या बाजूला, पांढरा चट्टा होता आणि चट्ट्याच्या मधोमध लाल, खरबरीत जखम. बोट लावून पाहिलं तर बुडाशी टणक लागली. तोंड आलेलं असलं तर जखम दुखते, माणूस ओरडतो, आणि थोड्या दिवसांत ती बरी होते. ही दुखत नव्हती. "कधीपासून आहे?" तर म्हणाली, "हाय आपली. भात लावायच्या आदीपसनं." आणि आता भात कापून झाला होता.

असली जखम ही कशाची आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही. कॅन्सर असेल, नसेलही. तिच्यातला नखाएवढा भाग काढून तपासायला पाठवावा लागतो. याला सगळ्या दवाखान्यांत मराठीत तुकडा काढणं म्हणतात. मीही तेच म्हणालो. "ताई, पुण्याला जायला लागेल. तुकडा काढावा लागेल." ती म्हणाली, "बरं." आणि गेली.

आता तेव्हाचं मुळशी आठवा. दोन हजार पाच-सहाचा सुमार. तिकडे लवासाच्या डोंगरांत यंत्रं घरघरत होती, इकडे हिंजवडी ओघळत ओघळत नांद्याच्या बांधापर्यंत आली होती. ज्याला त्याला एकच शब्द माहीत होता, तुकडा. कुणाचा तुकडा गेला, कुणाचा अडकला, कुणाच्या तुकड्यात बहिणीची सही राहिली. न्हावी एजंट झाला होता, पिठाच्या गिरणीवाला एजंट झाला होता, एका लग्नात भटजींनी मंगलाष्टकं थांबवून मुलीच्या मामाला कार्ड दिलेलं मी पाहिलंय. मग दातांचा डॉक्टर तुकडा काढा म्हणतो म्हटल्यावर बबनरावांनी दुसरं काय समजावं?

तर असा तो दारातला आरडाओरडा होता.

"अहो बबनराव, जमिनीचा नाही! गालाचा तुकडा! वहिनींच्या गालाच्या आत जखम आहे, तिचा."

बबनरावांचा हात हवेत होता, तो तिथेच राहिला. "गालाचा?"

"नखाएवढा. तपासायला."

"काय तपासायला?"

मी इतका वैतागलो होतो की आडवळण सुचलं नाही. "कॅन्सर आहे का ते."

पायरीवर शालनने पदर थोडा आणखी वर घेतला. माझ्या खुर्चीत अमोलने कापसातूनच "ओ" असा काहीतरी आवाज काढला. या अमोलबद्दल एक वाक्य सांगतो. लातूरकडचा, सुपारीचं खांडही कधी न चघळलेला, आणि तोंडात साधा फोड आला की इंटरनेटवरचे कागद छापून घेऊन यायचा: "डॉक्टर, माझी रिस्क किती टक्के?" ज्यांना काही झालेलं नसतं ते माझ्याकडे पळत येत, आणि ज्यांना झालेलं असतं ते भात कापून झाल्यावर येत. अशा पेशंटांत ज्याच्या डोक्यावर केस टिकले, त्या डॉक्टरला सरकारने बक्षीस द्यायला हवं.

बबनराव सावरले. आणि त्यांनी वाद जिंकायचा म्हणून बरोबर आणलेलं हत्यार काढलं. म्हणजे आपल्या बापाला दंडाला धरून पुढे ओढलं.

"ह्यो बघा! आबा, तोंड उगडा! डॉक्टर, बघा, ब्याटरी लावून बघा! ह्यानं जलम झाल्यापसनं तंबाकू खाल्ली. बिडी वडली. गावठी प्यायला. ह्याला का न्हाई झाला? आन हिनं कंदी सुपारी खाल्ली न्हाई, तिला कसा हुईल? सांगा!"

गेनूआबांनी गोळी थुंकायला बाहेर जाऊन, परत येऊन, मोठ्या अभिमानाने तोंड उघडलं. जणू कुस्तीच्या फडात उतरलेत. मी खरंच बॅटरी लावली. दातांचं सोडा, पण आतलं कातडं! गुलाबी, लुसलुशीत, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं. साठ-पासष्ट वर्षं तंबाखू-चुना खाऊन या माणसाच्या तोंडात डाग नाही! मला त्या क्षणी त्यांचं तोंड जाहीरपणे बंद करून त्याला टाळं लावावंसं वाटलं.

कारण हे गेनूआबा मला एकट्या नांद्यात भेटले असते तर मी सहन केलं असतं. प्रत्येक गावात एक गेनूआबा आहे. मी कुणालाही तंबाखू सोड म्हटलं की तो त्याच्या गावच्या गेनूआबाचं नाव घेतो. उरवड्याच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा बीडकडचा एक तरुण मुलगा गुटखा खाऊन खाऊन माझ्याकडे आला, तक्रार काय, तर "वडापाव तोंडात जात नाही." त्याचं तोंड एका बोटाएवढं उघडत होतं. त्याला मी घसा फोडून समजावलं. तो म्हणाला, "सर, आमचा सुपरवायझर माझ्या दुप्पट खातो. जांभई दिली तर आतली पडजीभ दिसते." आणि गेला. पुढे त्याचं काम सुटलं, तो गावी गेला, पुन्हा काही कळलं नाही. तो चेहरा मला अजून दिसतो, आणि त्या सुपरवायझरच्या जांभईचा अजून राग येतो.

आणि का झाला याची कारणं तर गावाकडे पोत्याने. मोबाइलच्या टॉवरने झाला. खताच्या भाजीने झाला. सवतीने घातलं. नवऱ्याने पाप केलं ते हिला लागलं. एका म्हातारीने मला शपथेवर सांगितलं की लवासाला सुरुंग लावतात त्याच्या हादऱ्याने होतो. तंबाखूने मात्र कुणालाच होत नव्हता.

"जेनेटिक असतं काका," खुर्चीतून अमोल बोळ्यांसकट म्हणाला.

"तू आ कर!" मी त्याच्यावर ओरडलो. बोळे काढले, त्याला उठवला आणि शालनला खुर्चीत बसवलं. मग बबनरावांकडे वळलो.

"बबनराव, सातबारा ठाऊक आहे?"

नांद्याच्या माणसाला हे विचारणं म्हणजे माशाला पाणी ठाऊक आहे का विचारणं. ते लगेच सावध झाले. "का? पुन्हा जमिनीवरच आलात व्हय?"

"ऐका. तलाठी हाताने सातबारा उतरवतो. जुन्यावरून नवा, नव्यावरून आणखी नवा. उतरवताना चुका होतात की नाही?"

"चुका? आमच्या चुलत्याचं नाव तीन वर्सं चुलतीच्या जागी व्हतं!"

"तसंच तोंडातलं कातडं आहे. ते झिजतं आणि सारखं नवं होतं. नवं होताना आतला सगळा मजकूर जुन्यावरून उतरवून घ्यावा लागतो. त्यात चुका होतातच. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. बऱ्याच चुका अशा ओळीत पडतात की फरक पडत नाही. पड जमिनीत गवत आहे का कुसळ, कोण विचारतो? काही चुका वरचा साहेब बघून दुरुस्त करतो. पण एखादी ओळ अशी असते, की तुझी हद्द इथवर, पुढे वाढायचं नाही. त्या ओळीत चूक झाली आणि कुणाच्या नजरेला आली नाही, की ते कातडं बांध कोरत शेजारच्या रानात शिरायला लागतं."

बांध कोरणं म्हणजे काय ते बबनरावांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं असतं. ते खाली बघू लागले.

"आता तंबाखू काय करते? ती तलाठ्याशेजारी बसून रोज त्याचा कोपर हलवते. वर आणि त्याला सांगते, पुन्हा लिही, पुन्हा लिही. दिवसातून पाच-पाच वेळा. आबांच्या तलाठ्याचाही कोपर हलला. चुका झाल्या असणार. पण नेमक्या त्या ओळीवर पडल्या नाहीत. किंवा पडल्या आणि साहेबाने खोडल्या. कुणाचा साहेब कडक असतो, कुणाचा ढिला. का? ते मला माहीत नाही, पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना पुरतं माहीत नाही, आणि अमोलच्या कागदातही नाही. आबा सुटले एवढंच खरं. पण आबा सुटले म्हणून कोपर हलवणं बरं होत नाही."

बबनरावांनी मान डोलावली. मला वाटलं, बारा गावांत जे कुणाला पटवता आलं नाही ते आज पटलं. मग ते म्हणाले,

"म्हंजी आबाचा तलाठी इमानदार, आन हिच्या तलाठ्यानं पैसं खाल्लं."

"पैसे नाही हो खाल्ले! कोपर हलला!"

"कुनी हलवला? ती तंबाकू खात न्हाई."

"मिसरी लावते ना!"

"लावती. खात न्हाई."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर सुदृढ दातांचं चित्र होतं. त्या चित्राला मी दोन शब्द बोललो, ते इथे छापता येणार नाहीत.

"आमच्या घरात कुनालाच न्हाई झाला," बबनराव आता जिंकल्याच्या आवाजात म्हणाले. "आज्याला न्हाई, आबाला न्हाई, चुलत्याला न्हाई."

"आणि आईला?"

"आईला कुटला? आय दाताच्या दुखन्यानं गेली."

मी भिंतीकडून वळलो. "बबनराव, दातांचा डॉक्टर म्हणून सांगतो. दात दुखला तर माणूस शिव्या देतो. जेवत नाही, झोपत नाही, बायकोशी भांडतो. मरत नाही. आईंना नेमकं काय झालं होतं?"

"मला काय ठावं. मी तवा टेम्पोवर व्हतो. दाढ दुकायची तिची."

मग गेनूआबा बोलले. इतका वेळ मिरवणुकीतल्या बैलासारखे उभे होते, ते बाकड्यावर बसले.

"गालाला भोक पडलं व्हतं," ते म्हणाले. "पानी प्याली की भाईर यायचं."

बबनराव बापाकडे बघत राहिले. "आबा, हे तुमी कंदी..."

"कशाला सांगायचं? दाढंचं म्हनायचो. वासानं कुनी जवळ येत नव्हतं. हीच करायची समदं." त्यांनी हनुवटीने सुनेकडे दाखवलं.

मिसरी लावायला शालनला सासूनेच शिकवलं होतं, ती लग्न होऊन आली तेव्हा. हे तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. पण सासूचं पुढे काय झालं ते सांगितलं नव्हतं. मला त्या घटकेला एवढंच कळलं की आम्ही सगळे चुकीचं मोजत होतो. जो सुटतो तो बाकड्यावर येऊन बसतो, तोंड उघडून दाखवतो, गावभर फिरतो. जी जाते तिला कोण दंडाला धरून पुढे ओढणार? तिचं नावही दाढेचं दुखणं होऊन जातं.

मी शालनकडे वळलो. "वहिनी, तुकडा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं?"

तिने मान हलवली. होतं.

"मग घरी नीट का नाही सांगितलंत? इथे तुमचे मालक माझा दवाखाना डोक्यावर घेतायत. जमिनीवरून दोन दिवस घरात कुणी जेवलं नाही म्हणे!"

तिने पदर खाली केला. "भांडत व्हते तवर बरं व्हतं," ती म्हणाली. "जमिनीचं भांडान मिटतंय कंदी ना कंदी. ह्ये कळलं असतं तर मला पुन्याला नेलं असतं. तितं लोखंड लावलं की पसरतंय म्हनत्यात. आत्तींना न्हाई लावलं तर त्या चार महिनं जगल्या तरी."

"सासूबाई कशा जगल्या ते तुम्हीच बघितलंत ना?"

"व्हय. म्या पाजायची. चमच्यानं."

मी तिला सांगितलं की लोखंड, म्हणजे ऑपरेशनची सुरी, लावल्याने पसरत नाही. पसरायचं असतं ते न लावता पसरतं, आणि लोक उशिरा लोखंडापाशी येतात म्हणून लोखंडाचं नाव वाईट होतं. सांगितलं की आत्ता ही जखम लहान आहे, मानेला गाठ लागत नाही, आत्ता गेलात तर खूप काही वाचेल. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती सासऱ्याकडे बघत होती. घरात निर्णय तिथून येत असे.

गेनूआबांनी बंडीच्या खिशातून पिशवी काढली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला आणि मळायला लागले. माझ्या दवाखान्यात! माझ्या डोळ्यांदेखत! कॅन्सरवरच्या माझ्या हयातभरातल्या सगळ्यात चांगल्या भाषणानंतर!

"आबा!" मी किंचाळलो.

"गप वो डॉक्टर," म्हातारा म्हणाला. "बबन, सकाळच्याला गाडी काढ. पुन्याला न्यायची हिला. आन तू मधी बोलायचं न्हाई. तिला काय इचारत्याल त्ये ती सांगंल." आणि गोळी गालात टाकली.

बबनराव "व्हय" म्हणाले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, आणि मला फक्त ओठ हललेले दिसले.

तपासणीत निघायचं तेच निघालं. पण लवकर निघालं. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग आणि जबड्याची एक कड गेली, मांडीचं कातडं आत लावलं. मग शेक दिले. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, बबनरावांना आधी वाटलं होतं गरम पिशवीने देतात. त्या दिवसांत ते स्वतः गाडी चालवत बायकोला रोज पुण्याला घेऊन जात. चांदणी चौकात गाडी अडकली की खिडकीतून सगळ्या पुण्याला शिव्या देत. एकदा परत येताना दवाखान्यात डोकावून मला म्हणाले, "डॉक्टर, तितं रांगेत एक मानूस भेटला. कंदी काय खात न्हाई, पीत न्हाई, माळकरी. त्यालाबी झालाय. त्याचा कोपर कुनी हलवला?" मी म्हणालो, "कुणीच नाही. तलाठी आपसूकही चुकतो." ते म्हणाले, "मंग तुमचं ते गनित फुसकं हाय." मी भांडलो नाही. म्हणजे थोडासाच भांडलो, आमच्या आवाजाने समोरचं चहाचं दुकान बंद झालं.

त्यांच्या घरात मिसरीचा तवा बंद झाला. शेजारच्या दोन बायका मला तोंड दाखवायला आल्या, त्यांतल्या एकीला काही नव्हतं आणि ती माझ्यावरच रागावली की उगीच घाबरवलं. गेनूआबांनी मात्र काहीही सोडलं नाही. मी रस्त्यात दिसलो की ते मुद्दाम थांबत, पिशवी काढत आणि माझ्याकडे बघत बघत मळत. माझं रक्त उकळलेलं पाहायची त्यांना चटक लागली होती.

पुढे वर्ष-दीड वर्षाने शालन तपासायला आली. जखम नीट भरली होती, मानेत काही नव्हतं. तोंड दोन बोटं उघडत होतं, गाल एका बाजूला आत ओढलेला. बाहेर बाकड्यावर सासरा बसला होता, सोबत म्हणून आलेला, आणि तिथून मला चुन्याच्या डबीचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. त्याने माझ्या डोक्यात पुन्हा सणक गेली.

"वहिनी, खरं सांगा," मी म्हणालो. "तुम्हाला राग नाही येत? एका घरात, एका ताटातलं जेवता. तो म्हातारा अजून खातोय, त्याला ढिम्म काही होत नाही, आणि तुमचा जबडा गेला. तुमच्या जागी मी असतो तर ती पिशवी चुलीत घातली असती आणि वरून म्हाताऱ्यालाही."

तिने खुर्चीशेजारच्या भांड्यात चूळ भरून टाकली, पदराने तोंड पुसलं.

"मामंजींला दात न्हाईत, मला चावाया येत न्हाई," ती म्हणाली. "दोगांची भाकरी एकदमच कुस्करते."